पाठीमागचा हात

"बाबा, राग मानू नका, पण वरात चालते तरी किती वेगानं?"

शोरूममधला मयूर नावाचा पोरगा अगदी मनापासून विचारत होता. माझ्या बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यानं त्यांच्या मिशीचं वजन विचारलं.

"वरात चालत नाही. सरकते," बाबा म्हणाले.

"मग सरकायला एवढा पिकअप कशाला? ही शेजारची साधी गाडी घ्या. बॅटरी तेवढीच, ओझं तेवढंच ओढते. फक्त सुटताना अशी उसळत नाही."

"उसळलीच पाहिजे."

माझा थोरला भाऊ कैलास हळूच म्हणाला, "बाबा, तो बरोबर बोलून राहिला. आपल्याला कुठं शर्यतीला जायचंय?"

"तू गप रे. चावडीच्या चढाला वऱ्हाडासमोर गाडी दमली, तर लोक गाडीला नाही, मला हसतील. म्हणतील, हिलाल मास्तर म्हातारा झाला."

संपलं. बाबांनी एकदा असं म्हटलं की साक्षात ब्रह्मदेव आला तरी उपयोग नसायचा. मयूरनं गाडीतलं बटण दाखवलं. एका बाजूला साधी चाल, दुसऱ्या बाजूला जोराची. बाबांनी स्वतः ते जोराच्या बाजूला फिरवलं आणि वर बोटानं दाबून पाहिलं, परत तर फिरत नाही ना.

आमचा न्यू हिलाल ब्रास बँड. तापीकाठच्या गावांत हे नाव न ऐकलेला नवरदेव सापडायचा नाही. बाबा ट्रम्पेट वाजवायचे, भाऊ बँडची गाडी चालवायचा आणि मी, निर्मला, गाडीच्या टपावर ढोलवाल्या-क्लॅरनेटवाल्यांसोबत उभी राहून गायची. नवऱ्याचं नि माझं पटलं नाही, मी माहेरी आले आणि माइक धरला. त्यावर लोकांना जे बोलायचं होतं ते बोलून झालं, आणि मग तेच लोक माझ्या गाण्यावर नाचायला लागले. असो.

विजेची गाडी घ्यायचं डोकं भाऊचं. जुन्या डिझेल गाडीच्या मागे जनरेटर ओढावा लागायचा, तेव्हा कुठं स्पीकर चालायचे. त्याचा धूर सगळा माझ्या घशात. मे महिना संपेस्तोवर माझा आवाज फाटक्या पत्र्यासारखा व्हायचा. विजेच्या गाडीच्या बॅटरीवरच स्पीकर चालतील, धूर नाही, खडखड नाही, असं भाऊनं कुठून कुठून विचारून आणलं आणि माझ्यासाठी बाबांच्या मागे लागला. म्हणजे गाडी भाऊनं सुचवली, आणि उसळणारी बाबांनी निवडली. हे एवढं लक्षात ठेवा.

"एकच गोष्ट," निघताना मयूर म्हणाला, "हिला आवाज नाही. सवय व्हायला वेळ लागेल."

"आवाजाला आमचा बँड आहे," बाबा म्हणाले. "पण आमच्या जुन्या गाडीची रेस तू ऐकायला हवी होतीस, पोरा. अर्धं गाव गोळा व्हायचं."

रेस म्हणजे काय, तेही सांगते. वरात मंडपाच्या तोंडाशी आली, शेवटचं गाणं रंगात आलं, की पोरं ओरडायची, "मास्तर, रेस!" मग भाऊ क्लच दाबून धरायचा आणि ढोलाच्या ठेक्यावर अ‍ॅक्सिलेटर द्यायचा. गाडी जागच्या जागी उभी, आणि इंजिन घुम् घुम् घुम् करत ढोलाबरोबर गर्जतंय. शिट्ट्या, धूर, धुरळा. आमच्याकडे त्याशिवाय वरात पोचली असं कुणी मानतच नाही.

बाबांची वरातीतली जागा ठरलेली. गाडीच्या पुढे हातभर अंतरावर, गाडीकडे पाठ. डोक्यावर सोनेरी झालरीची लाल टोपी, उजव्या हातात ट्रम्पेट, आणि डावा हात पाठीमागे कमरेशी. त्या हाताच्या खुणांवर भाऊ गाडी हाकायचा. थांब, सरक, पुढं लेकरं आहेत, सगळं त्या बोटांत. बापलेकाची ती खासगी बोली होती. टपावरून मला तर बाबांची नुसती टोपी दिसायची. एकदा मी भाऊला म्हटलं, मला पण शिकव ना खुणा. तो म्हणाला, "तुला काय करायचंय? तू गा." बाबा आयुष्यात कधी मागे वळून गाडीकडे पाहायचे नाहीत. गाडी कुठं आहे हे त्यांच्या पाठीला कळायचं.

नव्या गाडीची पहिली वरात आमच्याच गावातली निघाली. नवरदेव मारुतीच्या पारावरून निघाला तेव्हा उन्हं कलली होती, गोरजमुहूर्ताला अवकाश होता. गाडीवर बाबांनी झेंडूच्या माळा सोडल्या होत्या, पुढच्या काचेवर हळदीकुंकू. मी पहिलं गाणं सुरू केलं आणि मलाच गंमत वाटली. माझा आवाज मला ऐकू येत होता. इतकी वर्षं इंजिनवर ओरडत होते, ते आता गात होते. ओट्यावरच्या म्हाताऱ्या बाया पदर नाकाला न लावता बसल्या होत्या.

चावडीचा चढ आला. गाडी काय चढली म्हणता, लोण्यातून सुरी जावी तशी. बाबांची लाल टोपी डावी-उजवीकडे डुलायला लागली. ते खूश झाले की टोपी डुलायची. मीसुद्धा मनात म्हटलं, घेतली ते बरं केलं.

मंडप दिसायला लागला. शेवटचं गाणं. पोरांनी बाबांभोवती रिंगण धरलं, ढोलवाला घामानं निथळत होता. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, रेस!" मग सगळेच ओरडायला लागले. ट्रम्पेट पार वर चढला, मी माझा वरचा सूर लावला, डोळे मिटले.

आणि पायाखालून गाडी निघून गेली.

मी मागे ढोलावर आपटले. माझ्या अंगावर क्लॅरनेटवाला पडला. ट्रम्पेटचा सूर मध्येच तुटला, तसा कुठलाच सूर मी त्याआधी तुटलेला ऐकला नव्हता. मग करकचून ब्रेक, आम्ही सगळे पुढे. आणि मग काहीच नाही. माइक खाली पडून नुसता कूंऽऽ करत होता. ती शांतता अजून माझ्या कानांत आहे. गाडीचा आवाज असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. इतकं भयंकर काही घडवून ती गाडी मुकाट उभी होती, जशी काही तिनं केलंच नाही.

टपावरून खाली पाहिलं तर टोपी रस्त्यावर एकीकडे, बाबा एकीकडे. पालथे. पोरं नाचताना बाजूला सरली होती म्हणून वाचली. बाबांना कुणीतरी उताणं केलं आणि मी पाहिलं. ट्रम्पेट ओठाला असतानाच ते तोंडावर पडले होते. समोरचे दात नव्हते. जबडा एका बाजूला गेला होता. गुडघ्याजवळ पँट रक्तानं भिजत होती. गाणाऱ्या बाईच्या तोंडून शब्द फुटेना, विचार करा.

भाऊ केबिनमधून उतरला होता. गाडीला धरून उभा. त्याचा डावा पाय एकसारखा जमिनीवर दाबला जात होता, सुटत होता, दाबला जात होता.

"क्लच," तो म्हणाला. "क्लच नव्हता व माय."

जुन्या गाडीत तो डाव्या पायानं क्लच दाबायचा, म्हणून उजव्यानं कितीही रेस दिली तरी गाडी हलायची नाही. ह्या गाडीला क्लचच नाही. पाय दाबला की निघालीच. मैदानात आम्ही गाडी सरकवून पाहिली होती, चढावर पाहिली होती. रेस देऊन कोण पाहणार? ती काय कुणी वऱ्हाडाशिवाय देतं?

नवरीच्या मामानं भाऊची कॉलर धरली. "रेस द्यायला कुणी सांगितलं होतं तुला? बापाच्या अंगावर गाडी घालतो?"

"कुणी नाही सांगितलं. पायाची सवय. माझंच चुकलं," भाऊ म्हणाला.

लोकांनी त्याला मारलं. तो नुसता उभा राहिला.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांचा जबडा तारांनी बांधून टाकला. जीव वाचला म्हणाले, पायही वाचेल, थोडा लंगडेल. बोलणं बंद, खाणं नळीतून. आणि ट्रम्पेट कायमचा गेला. पुढचे दात गेले की ट्रम्पेट गेला, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. माय बातमी ऐकून आली ती थेट व्हरांड्यात भाऊसमोर गेली आणि फाडकन त्याच्या तोंडात मारली. चाळिशीला आलेला माणूस, दोन लेकरांचा बाप. "उसळणारी गाडी पाहिजे होती ना तुला? मिरवायचं होतं ना? पुन्हा तोंड दाखवू नको त्यांना," म्हणाली.

मी म्हणू शकले असते की गाडी बाबांनी निवडली. म्हटलंही. माय म्हणाली, "पाय कुणाचा होता?"

बाबा शुद्धीवर आले आणि त्यांचा डावा हात सुरू झाला. मूठ मिटायची आणि एकदम पाची बोटं उघडायची. मिटायची, उघडायची. आधी वाटलं पाणी हवंय. मग वाटलं दुखतंय. नर्सबाई म्हणाल्या, करू द्या, व्यायाम होतो. मला वाटलं ठेका धरताहेत, म्हणून मी त्यांच्या कानाशी त्यांचं आवडतं गाणं हळूच म्हटलं. त्यांनी चिडून मान फिरवली.

मग माझ्या एक लक्षात आलं. भाऊचं नाव निघालं की हात जास्त जोरात चालायचा. डोळे मोठे व्हायचे, घशातून घुरघुर यायची, आणि मूठ धाडकन उघडायची, बोटं झटकल्यासारखी. मायच्याही लक्षात आलं.

"बघ," माय म्हणाली, "कैलासचं नाव काढलं की काय करताहेत. हाकलून द्या म्हणताहेत त्याला."

मला ते खरं वाटलं. हो, वाटलं. कारण तो हात अगदी तसाच दिसत होता, दारातल्या कुत्र्याला हुसकावतात तसा. वहिनीकडून ते भाऊच्या कानावर गेलं. तो म्हणे जेवणाच्या ताटावरून उठला आणि सुरतला चुलत मामांना फोन लावला, साड्यांच्या मार्केटमध्ये हमालीचं काही काम असलं तर सांगा म्हणून. गाडी? गाडी पुन्हा हातात धरणार नाही म्हणाला. ज्याला गाडीशिवाय झोप यायची नाही तो माणूस. वहिनी माझ्याजवळ रडली. "ताई, हे एकदा सुरतला गेले की परत यायचे नाहीत. मला माहीत आहे यांचा स्वभाव."

मलाही माहीत होता. आमच्याकडची माणसं सुरतला जातात आणि तिकडचीच होऊन जातात. आणि हा तर पाठ फिरवून निघाला होता. बाप गेल्यासारखा झाला, आता भाऊही जाणार.

निघण्याच्या दिवशी सकाळी तो दवाखान्याच्या फाटकाशी आला. हातात बॅग. म्हणाला, "माय आंघोळीला गेली की सांग. लांबून पाहतो आणि जातो."

"ते चिडतील," मी म्हटलं. मनात भीती होती, जबड्याच्या तारा तुटल्या तर?

"दारातूनच पाहीन."

माय गेली. मी त्याला आत घेतलं. तो दारात उभा राहिला, बॅग हातातच. बाबांनी डोळे उघडले, त्याला पाहिलं, आणि हात वर आला. मूठ. पाची बोटं. मूठ. पाची बोटं.

मी म्हणणार होते, जा तू, जा आता. पण भाऊच्या हातून बॅग खाली पडली. तो धावत आला आणि त्यानं तो हात दोन्ही हातांत धरून छातीशी दाबला, हलूच देईना.

"नका बाबा. नका सांगू. राहू द्या."

"काय नका सांगू?" मी विचारलं. "भाऊ, ते तुला हाकलताहेत. माय म्हणते…"

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. आधी तो हसला, आणि मग त्याचा चेहरा पार मोडून गेला.

"हाकलत नाहीत व. रेसची खूण आहे ती."

मला काही कळेना. म्हणजे शब्द कळले, पण डोक्यात शिरेनात.

"मूठ उघडली की रेस दे," भाऊ म्हणाला. "इतकी वर्षं अशीच मागतात ते."

"मग त्या दिवशी…"

बाबांनी भाऊच्या हातातून आपला हात सोडवला, मूठ वळली आणि स्वतःच्या छातीवर ठोकली. एकदा, दोनदा. तारांच्या मधून काहीतरी घशात आलं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. मी, मी, मी. एवढंच सांगत होता तो माणूस, शुद्धीवर आल्यापासून. आणि आम्ही त्याला पाणी पाजत होतो, गाणी म्हणत होतो, आणि त्याच हाताच्या नावानं त्याच्याच लेकाला घराबाहेर काढत होतो. मी पलंगाच्या कडेला बसले.

पोरांनी रेस मागितली. बाबांनी सवयीनं खूण दिली, त्यांच्याही डोक्यातून गेलं की आता मागे इंजिन नाही. भाऊनं खूण पाहिली आणि पायानं ऐकली. दोघेही एकदमच विसरले. पण हे फक्त त्या दोघांना माहीत होतं. एकाचं तोंड तारांनी बांधलं होतं आणि दुसऱ्यानं आपणहून बांधून घेतलं होतं.

"तू बोलला का नाहीस?" मी जवळजवळ भांडले त्याच्याशी. "लोकांनी तुला मारलं. मायनं मारलं. तू सुरतला निघालास, मेल्या."

"काय बोलू? मास्तरनं खूणच चुकीची दिली म्हणू? दात तर गेलेच त्यांचे. लोक म्हणाले असते, हातही गेला. म्हातारा झाला हिलाल मास्तर." त्यानं नाक पुसलं. "आणि पाय तर माझाच होता ना."

दारात काहीतरी वाजलं. माय उभी होती, ओल्या केसांची, हातात चहाचा थर्मास. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिनं थर्मास खाली ठेवला, खाली पडलेली भाऊची बॅग उचलली आणि बाबांच्या पलंगाखाली अगदी आत, भिंतीपर्यंत सरकवून दिली. मग भाऊच्या ज्या गालात मारली होती त्यावर हात ठेवून उभी राहिली.

जबडा सुटल्यावर बाबांनी पहिलं काम ते केलं. पारावर बसून, बोळक्या तोंडानं, येईल-जाईल त्याला सांगितलं, "रेस मी मागितली होती." लोक ओशाळून म्हणायचे, जाऊ द्या मास्तर. ते म्हणायचे, "का जाऊ द्या? त्याला मारताना जाऊ दिलं होतं का?"

पण भाऊ गाडीला हात लावेना. मयूर शोरूममधून स्वतः आला, बटण साध्या चालीवर आणून गेला. तरी भाऊचं समाधान होईना. शेवटी त्यानं बाभळीचा एक ठोकळा घेतला, तासला, बसवून पाहिला, पुन्हा तासला. अ‍ॅक्सिलेटरच्या खाली तो बसवला की पाय कितीही दाबा, गाडी हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीपुढे जायची नाही. वरातीआधी बसवायचा, वरात संपली की काढायचा, असं त्यानं ठरवलं. शेतातल्या वाटेवर रिकामे डबे पुढे ठेवून तो कितीतरी दिवस ते करत बसायचा. बाबा बांधावरून बघत बसायचे.

पुढच्या हंगामातली पहिली वरात. तेच गाव, तोच रस्ता. ट्रम्पेट आता दुसऱ्याच्या हातात होता. बाबांनी लाल टोपी घातली, उजव्या हातात काठी घेतली, आणि लंगडत गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. हातभर अंतरावर. गाडीकडे पाठ. डावा हात मागे कमरेशी. मी त्या दिवशी टपावर गेले नाही, माइक घेऊन केबिनमध्ये भाऊच्या शेजारी बसले. त्याच्याजवळ कुणीतरी हवं होतं, गाणं कुठूनही म्हणता येतं.

पहिल्यांदाच मला तो हात समोरून दिसत होता. सरक. थांब. सरक. इतका स्पष्ट बोलायचा तो हात, आणि मी इतकी वर्षं वरून टोपी बघत होते.

मंडप आला. शेवटचं गाणं आलं. रेस कुणी मागितली नाही. कुणाची छाती होती? ढोल वाजत होता आणि लोक जमिनीकडे बघत होते.

बाबांची मूठ मिटली. आणि पाची बोटं उघडली.

"नाही," भाऊ म्हणाला. काच बंद होती, बाबांना ऐकू जाणार नव्हतं. "नाही बाबा, नाही."

मूठ पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. मी तीच ओळ परत परत गात राहिले, कारण थांबले असते तर रडले असते. ढोलवाल्यानंही ठेका सोडला नाही. बाबांनी मान वळवली नाही. नुसता हात बोलत होता.

भाऊनं डोळे पुसले आणि पाय दाबला. थोडा नाही. रेस देतात तसा, पार खाली, ठोकळ्यावर टेकेपर्यंत. गाडी हलली. बाबांनी काठी पुढे टाकली आणि चालायला लागले. मागे भाऊचा पाय तळाला टेकलेला होता आणि गाडी बाबांच्या लंगड्या चालीनं त्यांच्या पाठोपाठ येत होती, हातभर अंतर तसंच ठेवून. मंडपापर्यंत त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.